लेकीच्या जबाबासाठी सुरत

धुळ्याहून सुरत तशी लांब नाही. साक्री, नवापूर, सोनगड, बारडोली करत एसटी पाच-सहा तासांत पोचवते. तरी माझी मुलगी तिथे दोन वर्षं नोकरी करत होती आणि मी एकदाही गेले नव्हते. ती सणासुदीला घरी यायची, तेवढ्यावर माझं भागायचं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिचा मेसेज आला : "आई सुरत ये. मिल साहेब बोल आई पाहिजे. संगीता हात लागला. मी पाहिला सगळा."

मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. तो मेसेज मी आधी मनातल्या मनात दुरुस्त केला आणि मग त्याचा अर्थ लावायला घेतला. सवयच तशी.

केतकी जन्मापासून कर्णबधिर आहे. ती अडीच वर्षांची असताना ज्यांनी तिला तपासलं, त्यांनी मला बजावलं होतं की हिला खुणा करू देऊ नका, हातांनी बोलायला लागली तर तोंड कायमचं गप्प होईल. मी ते देववाणीसारखं मानलं. रोज संध्याकाळी तासभर आरसा, मेणबत्ती आणि मी. 'प' म्हणताना ज्योत हलली पाहिजे. हात वर आले की मी तिला ते मागे घ्यायला लावायची. ओठ वाचायला शिकवलं, बोलायला शिकवलं. सव्वीस वर्षांच्या माझ्या मुलीला बोलता येतं, हे मी नातेवाइकांत मान वर करून सांगत आले होते. स्वतःचं नाव ती 'तेतती' असं म्हणते, कारण 'क' घशात मागे तयार होतो, आरशात दिसत नाही. बाकी सगळं मला कळतं.

तर मी निघाले.

उधना

उधना दरवाज्यापाशी उतरले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि ऊन असं होतं की ऑक्टोबर आहे हे कोणी त्याला सांगितलेलं नसावं. रिक्षावाल्याने माझा अवतार पाहून कुठे जायचं ते थेट अहिराणीत विचारलं, "कथा जानं शे मावशी?" परक्या शहरात उतरल्या उतरल्या आपल्याकडची बोली ऐकून बरं वाटलं. ते बरं वाटणं मोजून दोन मिनिटं टिकलं. मग त्याने आणखी चार माणसं आत कोंबली आणि माझी पिशवी एका अनोळखी गृहस्थांच्या मांडीवर दिली.

केतकी एका चाळवजा इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते. खाली यंत्रमागांचा कारखाना. खडखडाट इतका की जिन्याचा कठडासुद्धा हाताला थरथरता लागतो. ऐकणाऱ्या माणसाने तिथे आठवडाभर राहून दाखवावं. केतकीला काय, ती शांत झोपते. दाराची बेल दाबली की आत आवाज होत नाही, दिवा उघडझाप करतो. ही सोय तिने कोणाकडून करून घेतली म्हणून विचारलं तर म्हणाली, "मित्र." कोण मित्र, कुठला मित्र, पत्ता नाही.

माझ्यासाठी तिने लोचो आणून ठेवला होता. लोचो म्हणजे ढोकळा होता होता राहिलेला चण्याच्या डाळीचा मऊ गोळा, वर तेल, शेव, कांदा आणि मसाला. चव चांगली आहे, पण दिसायला असा की धुळ्यात कोणी ताटात वाढला असता तर फसलेला पदार्थ म्हणून परत पाठवला असता. त्याच्याबरोबर खानावळीची डाळ होती. त्या डाळीत साखर होती. मी दोनदा चाखून खात्री करून घेतली.

खाऊन मी हात धुऊन येते तो केतकी गॅलरीत उभी. रस्त्यापलीकडच्या गच्चीवर एक मुलगी कपडे वाळत घालत होती आणि दोघींचं बोलणं चाललं होतं. हातांनी. खाली ट्रक, टेम्पो, हॉर्न, मागांचा खडखडाट. मला शेजारच्या बाईचं बोलणं ऐकू येत नव्हतं आणि या दोघी रुंद रस्त्याच्या या टोकावरून त्या टोकाला आरामात गप्पा मारत होत्या. केतकीच्या भुवया, खांदे, गाल, सगळंच त्यात सामील होतं. अशी मी तिला कधी पाहिली नव्हती.

मी तिच्या खांद्यावर टिचकी मारली आणि जुन्या सवयीने म्हणाले, "हात खाली."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, नुसतं पाहिलं. मग वळून मैत्रिणीशी राहिलेलं बोलणं पुरं केलं आणि आत आली. मला ते लागलं. प्रवासाने डोकं दुखत होतं म्हणून मी विषय वाढवला नाही.

पलसाणा

दुसऱ्या दिवशी मिलच्या बसने पलसाण्याला निघालो. सचिन गाव ओलांडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापड रंगवायच्या मिली, त्यांची धुराडी आणि हवेत एक आंबट ओला वास. केतकी एका मिलच्या प्रयोगशाळेत काम करते. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या तुकड्याच्या रंगाशी हुबेहूब जुळणारा रंग तयार करायचा, हे तिचं काम. निळ्याच्या शेजारी निळा ठेवून कुठे लाल किंचित जास्त झालाय हे तिला दिसतं, मला दोन्ही निळेच दिसतात.

प्रकरण असं होतं. तिच्या शेजारी संगीता नावाची बाई काम करते. नमुन्याचं कापड रंगात बुडवून दोन रबरी रुळांमधून पिळून काढायचं एक छोटं यंत्र असतं, ते ती चालवते. रुळांपुढे बोटं जाऊ नयेत म्हणून लोखंडी जाळी असते. दोन आठवड्यांपूर्वी संगीताची दोन बोटं रुळात गेली तेव्हा जाळी नव्हती. केतकीने धावत जाऊन खटका पाडला म्हणून हात वाचला. आता मिल म्हणत होती की जाळी संगीताने स्वतःच काढली, कामाची घाई म्हणून. तसं ठरलं की संगीता निष्काळजी ठरणार आणि नोकरी जाणार. पाहणारी एकटी केतकी.

चौकशीसाठी मिलने एक निवृत्त वकील नेमले होते. वकीलसाहेब सभ्य होते, चहा विचारला, पाणी विचारलं, प्रवास कसा झाला विचारलं. सगळं मला. केतकी माझ्या शेजारी बसली होती, जबाब तिचा होता, आणि खोलीतलं एकही माणूस तिच्याकडे बघून बोलत नव्हतं.

तिने आधी कागद पुढे केला. त्यावर इंग्रजीत लिहून आणलं होतं की मला सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा. वकीलसाहेबांनी तो वाचून बाजूला ठेवला. "मम्मी है ना," ते मला म्हणाले. "माँ से ज्यादा कौन समझेगा?"

आणि मी, सांगायला लाज वाटते, फुशारले. म्हटलं, "दुभाषी कशाला? ती बोलते. ओठ वाचते."

केतकीने बोलायला सुरुवात केली. चांगली पाच मिनिटं ती बोलली. मी एकेक वाक्य हिंदीत करून सांगत होते. मध्येच माझ्या लक्षात आलं की वकीलसाहेब, सुपरवायझर, लिहून घेणारा कारकून, तिघंही जमिनीकडे बघतायत. एखाद्याच्या घरात भांडण चाललेलं असताना पाहुणे बघतात तसं. त्यांना एक शब्द कळत नव्हता. तिचं नावसुद्धा. इतक्या वर्षांची माझी मेहनत त्या खोलीत फक्त मला ऐकू येत होती.

मग प्रश्न सुरू झाले. वकीलसाहेबांना झुपकेदार मिशी आणि बोलताना फायलीत बघायची सवय. केतकीला त्यांचे ओठ वाचणं अशक्य होतं. ते विचारणार, मी तिच्याकडे वळून सांगणार, असं चाललं. मी तिच्याशी नेहमी छोटी वाक्यं बोलते. लांब वाक्य ओठांवर हरवतं, म्हणून पहिल्यापासून छाटून बोलायची सवय लागली आहे.

त्यांनी विचारलं, "क्या संगीताबेन ने मशीन की जाली निकाली थी?"

मी केतकीला म्हणाले, "जाळी काढली होती?"

"हो," केतकी म्हणाली आणि मान हलवली.

कारकुनाने लिहून घेतलं. जबाब गुजरातीत होता. गुजराती म्हणजे शिरोरेषा काढून टाकलेली देवनागरी, वाचता येते, असं मी वर्षानुवर्षं समजत होते. प्रत्यक्ष भराभर लिहिलेला कागद समोर आला तेव्हा 'मशीन' आणि 'केतकी' एवढंच लागलं. सुपरवायझरने घाई केली, दुसरी पाळी सुरू व्हायची होती. केतकीने सही केली, खाली मी साक्षीदार म्हणून केली. पोरांना जन्मभर सांगत आले, न वाचता सही करू नका.

पुन्हा उधना

संध्याकाळी संगीताला बघायला गेलो. ती दोन गल्ल्या सोडून राहते. मूळची बुलडाण्याकडची, बारा वर्षांपासून सुरतेत. डावा हात बँडेजमध्ये गळ्यात अडकवलेला. तिने उजव्या हाताने केतकीला काहीतरी खूण केली, केतकीने उत्तर दिलं, दोघी हसल्या. दोन वर्षं शेजारी काम करून ही बाई थोडं शिकली होती. मी म्हटलं, छान, हिलाही आलं.

केतकीने जबाबाची प्रत तिला दाखवली. संगीताला गुजराती येत होतं. ती बोट फिरवत सावकाश वाचत गेली आणि एका ओळीवर थांबली.

"काकू," ती मला म्हणाली, "इथं तं लिह्यलं हाये का जाळी मीच काढली."

"असं कसं असेल? नीट वाच."

"नीटच वाचली. 'संगीताबेननं जाळी काढली, हे मी पाह्यलं,' असं हाये. खाली केतकीची सही."  मग म्हणाली, "म्या काहून काढू जाळी? फिटरनं काढल्ती आठ दिवस आधी. केतकीलेच तं मालूम हाये."

केतकी आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. "काय?" तिने विचारलं. मी म्हणाले, "थांब, सांगते." तिने पुन्हा विचारलं. संगीताने कागदावरची ती ओळ दाखवून हातांनी जे काय सांगितलं ते केतकीला एका क्षणात कळलं.  माझ्याकडे वळून तिने विचारलं, एकेक अक्षर जोर लावून, "तू काय विचारलं?"

मी आठवलं. जाळी काढली होती? म्हणजे, जाळी काढलेली होती का. ती खरं तेच बोलली होती. कोणी काढली, तेवढंच मी छाटलं होतं.

 संगीता म्हणाली, "चहा घ्या काकू." तो चहा मला गेला नाही.

दोन दिवस फोनवर

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये फोन केला. सुपरवायझर म्हणाला, जबाब झाला, सही झाली, आता काय. वकीलसाहेबांना गाठलं. ते म्हणाले, "बेन, आप ही तो बीच में थीं." यावर मी काय बोलणार? पण बोलले. म्हटलं, चूक माझी आहे, तिची नाही, आणि तिने दुभाषी मागितला होता तो कागद तुमच्याच फायलीत आहे. बराच वेळ कुरकुर झाल्यावर त्यांनी चार दिवसांची मुदत दिली. दुभाषी आमचा आम्ही आणायचा.

आणा म्हणणं सोपं आहे. सुरतेत हिऱ्यांच्या कारखान्यांत, मिलींमध्ये इतकी कर्णबधिर मुलं-माणसं कामाला आहेत आणि दुभाषी शोधायला गेलं तर हाताच्या बोटांवर. एकाला फोन केला, तो अहमदाबादला कोर्टात. दुसरी बाळंतपणाच्या रजेवर. तिसऱ्याने नंबर दिला तो कानाची यंत्रं विकणाऱ्या कुठल्या दुकानाचा निघाला. एका गृहस्थांनी मला विचारलं, लेखी का देत नाही? म्हटलं, दिलं असतं, पण तिचं लिहिलेलं वाचून सगळे म्हणतात हिला भाषा येत नाही. त्यांनी फोनवरच सुस्कारा सोडला आणि म्हणाले, बिचारी. हा शब्द सुरतेत मी इतक्यांदा ऐकला की शेवटी शेवटी कोणी म्हणणार असं दिसलं की मीच विषय बदलायची.

हा सगळा वेळ केतकी माझ्याशी बोलत नव्हती. कामावरून यायची, जेवण करायची, गॅलरीत उभी राहायची. शेवटी तिनेच फोन माझ्यापुढे धरला. हेतल नावाच्या बाईंशी तिचं व्हिडिओवर बोलणं झालं होतं. आई-वडील दोघेही बहिरे, स्वतः ऐकणाऱ्या, कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवतात आणि उरलेल्या वेळात दवाखाने, पोलीस, लग्नं, सगळीकडे दुभाषीपण करतात. रविवारी बागेत भेटा म्हणाल्या.

"मग मला दोन दिवस कशाला फोन करायला लावलेस?" मी विचारलं.

"तू विचारलं नाही," केतकी म्हणाली.

बागेतला रविवार

बागेत पन्नासेक माणसं होती. गोल करून उभी, कारण सगळ्यांना सगळ्यांचे हात दिसायला हवेत. हिरे घासणारे, शिवणकाम करणाऱ्या बायका, कॉलेजची मुलं, एक निवृत्त आजोबा. आवाज फक्त हसण्याचे. मी एका बाकावर बसले आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की आजूबाजूला पन्नास माणसं बोलतायत आणि मला काही कळत नाही. कोणी हसलं की मीही हसत होते, कशाला ते न कळता. थोड्या वेळाने मान अवघडली.

हेतलबेन पस्तिशीच्या, घाईत असलेल्या, कपाळावर आठी. "मासी, सॉरी, सकाळी सिव्हिलला होते," त्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाल्या. "एका बाईचं ऑपरेशन. डॉक्टर तिच्या दिराला विचारत होते, करू का. पोट तिचं, विचारतात दिराला. रोज हेच."

मी म्हटलं, "खुणांनी एवढं सगळं सांगता येतं?"

त्या म्हणाल्या, "मासी, खुणा तुम्ही करता, बाजारात, दुरून. ही भाषा आहे. व्याकरण आहे. प्रश्नाचा शब्द शेवटी येतो, ज्याच्याबद्दल बोलायचं ते आधी. नाव तुझं काय, असं. प्रांतोप्रांती काही शब्द वेगळे, पण इथली मुलगी लखनौला गेली की चार दिवसांत तिथल्या मुलींशी गप्पा मारते. तुम्ही लखनौला जाऊन मराठीत मारून बघा."

मला तो मेसेज आठवला. मी पाहिला सगळा. मी लाल शाईने खुणा केल्या असत्या असं वाक्य. ती दुसऱ्या एका भाषेत विचार करून माझ्या भाषेत लिहीत होती, आणि मी तिला अर्धवट समजत होते.

तेवढ्यात दोन मुली आल्या, माझ्याकडे बघून त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि केतकीकडे पाहून हसल्या. केतकी एकदम कावरीबावरी झाली. मी हेतलबेनना विचारलं, हे काय?

त्या जरा घुटमळल्या. "यांच्यात प्रत्येकाला हातांचं एक नाव असतं. केतकीचं हे." त्यांनी गालावरच्या खळीच्या जागी बोट फिरवलं. "आणि तुमचं ते."

"हात मागे?"

"तिने लहानपणीचं सांगितलं होतं कधीतरी. त्यावरून पडलं. वाईट नका वाटून घेऊ, नाव एकदा पडलं की बदलत नाहीत."

मला वाईट वाटलंच. रागही आला, कोणावर ते कळेना. ज्यांनी मला तो सल्ला दिला ते आज कुठे आहेत कोण जाणे. आणि सल्ला त्यांचा असला तरी हात माझे होते.

पलसाणा, दुसऱ्यांदा

हेतलबेन वकीलसाहेबांच्या शेजारी, केतकीच्या समोर बसल्या. मला मागे भिंतीजवळ खुर्ची दिली. मी काही बोलायचं नाही, असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

वकीलसाहेबांनी सुरुवातीलाच हरकत घेतली. "ये तो इशारे हैं. कल को वो बोलेगी मैंने ऐसा नहीं कहा था."

"साहेब, व्हिडिओ घ्या," हेतलबेन म्हणाल्या. "तोंडाने दिलेल्या जबाबाचा तर तुम्ही व्हिडिओपण घेत नाही. आणि माझ्याकडे नका बघू. जबाब ती देतेय."

वकीलसाहेबांनी पहिल्यांदा केतकीकडे पाहिलं.

मग केतकी बोलली. तिचे हात चालत होते आणि हेतलबेन तिच्या मागोमाग हिंदीत सांगत होत्या, "मी" असंच म्हणत, जणू केतकीच बोलतेय. मी इतकी वर्षं तिचं बोलणं तीन-चार शब्दांच्या तुकड्यांत ऐकत आले. त्या दिवशी ती लांबलचक वाक्यांत बोलत होती. अपघाताच्या आठ दिवस आधी, सोमवारी, चौकड्यांचा शर्ट घातलेला फिटर आला. त्याने चार बोल्ट काढले, एक खाली पडून टेबलाखाली गेला तो संगीतानेच शोधून दिला. जाळीचा एक कोपरा वाकला होता म्हणून वेल्डिंगला न्यायची होती. पण तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली आणि त्याने ती नमुन्यांच्या कपाटामागे उभी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी संगीताने सुपरवायझरला विचारलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. इथे केतकी उठून उभी राहिली आणि सुपरवायझर कसा मोबाइलमध्ये बघत, पोट पुढे काढून, न थांबता "कल, कल" करत जातो ते तिने करून दाखवलं. चहा घेऊन आलेली बाई खुदकन हसली. कारकुनाने तोंडावर हात धरला. वकीलसाहेबांची मिशी हलली.

माझ्या मुलीला नकला करता येतात. माणसं हसवता येतात. हे मला पलसाण्याच्या एका मिलमध्ये, एका परक्या बाईच्या तोंडून कळलं.

"जाळी कुठे आहे म्हणालीस?" वकीलसाहेबांनी विचारलं, थेट तिला.

सगळे उठून प्रयोगशाळेत गेलो. कपाट ओढलं. मागे निळ्या कापडाच्या गठ्ठ्याआड जाळी उभी होती, कोपरा वाकलेला, फिटरच्या हाताने खडूने तारीख आणि 'वेल्डिंग' लिहिलेलं. इतक्या दिवसांत एकालाही तिथे बघावंसं वाटलं नव्हतं. विचारायचं कोणाला, तर जिला माहीत होतं तिला 'बोलता येत नव्हतं'.

आधीचा जबाब रद्द असं लिहून घेतलं. नवा जबाब हेतलबेननी ओळ न् ओळ केतकीला हातांनी वाचून दाखवला. एका ठिकाणी तिने थांबवलं. कारकुनाने 'मूकबधिर कामदार' लिहिलं होतं. तिने 'मूक' शब्दावर बोट ठेवलं आणि खोडायला लावला. मग सही केली. महिन्याभराने संगीता कामावर परत गेली. त्या सुपरवायझरचं पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही, कोणी नीट सांगितलंही नाही.

हायवेवरचा चहा

मिलमधून बाहेर पडलो तेव्हा चार वाजले होते. हायवेच्या कडेला एका टपरीवर चहा घेतला, बरोबर रसावाला खमण. हेतलबेनना साडेपाचला आणखी कुठे तरी जायचं होतं. ट्रक जात होते, धूळ उडत होती, बाकडं एका पायाने डुगडुगत होतं.

केतकीने हेतलबेनच्या हाताला स्पर्श केला आणि काहीतरी सांगितलं. हेतलबेननी घड्याळ पाहिलं, मग कप खाली ठेवला.

"मासी, ती म्हणते, मी आहे तोवर तिला तुम्हाला एक विचारायचंय."

"विचार की."

केतकी माझ्याकडे बघून बोलत होती, आवाज हेतलबेनचा येत होता. "बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी, दवाखान्यात. संध्याकाळी ते जवळजवळ तासभर बोलत होते. तू होतीस, काका होते, आत्या होती. सगळे हसत होते. आत्या रडलीसुद्धा. मी पायाशी उभी होते. मी तुला तीनदा विचारलं, काय म्हणतात. तू म्हणालीस, नंतर सांगते. सगळे हसले तेव्हा मीपण हसले, बाबा माझ्याकडे बघत होते म्हणून. तीन वर्षं झाली. काय म्हणत होते?"

माझे यजमान गेले त्याला खरंच तीन वर्षं झाली होती. मी सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं असं मला वाटत होतं. मी म्हणाले, "काही विशेष नाही गं. असंच. इकडचं तिकडचं."

हेतलबेननी ते सांगितलं. केतकीचे हात झटक्यात हलले. "इकडचं म्हणजे काय? तिकडचं म्हणजे काय?"

 मी आठवून आठवून सांगायला लागले. काकांना त्यांनी विहिरीच्या मोटारीचं सांगितलं, कुठली वायर सैल आहे ते. मग आमच्या लग्नाची गोष्ट काढली. मांडवातून कोणीतरी त्यांचे बूट घालून गेलं आणि वरात निघताना त्यांना सासऱ्यांच्या चपला घालाव्या लागल्या, दोन नंबर लहान. सगळ्या फोटोंत त्यांचा चेहरा रागीट दिसतो तो माझ्यावरच्या रागाने नव्हे, टाचांच्या दुखण्याने. मी त्यांना म्हणाले, हे तीस वर्षांनी सांगताय. तेव्हा सगळे हसले.

हेतलबेनचे हात थांबले.  केतकीच्या डोळ्यांपुढे तो फोटो आला असावा, आमच्या पुढच्या खोलीतला. ती हसायला लागली. खांदे हलवून, मोठ्याने, तिला स्वतःला ऐकू येत नाही त्या आवाजात. टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. मी तिला आवाज कमी कर म्हणून खूण केली नाही.

डोळे पुसून तिने पुन्हा हात उचलले.

"ती विचारते," हेतलबेन म्हणाल्या, "मग? आत्या का रडली?"

मी पुढचं सांगायला लागले.